जोखमीची भूक

मार्चची अठ्ठावीस तारीख. दुपारची शेवटची पंगत उठली
आणि अंगद आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.
दाराशी बूट काढायला त्याला वेळ लागला.
पूर्वी स्लीपर असायची, ती उडवून थेट ताटावर.

"काकू, येत्या वर्षाचं काही ठरवलंय का?"

ठरवलंय की.
कणीक मळायचं मशीन, बाजीराव रोडला बघून ठेवलंय.
डावा गुडघा, जमलंच तर दिवाळीनंतर.
ऑगस्टात हेमाचं बाळंतपण,
भिशी मात्र लागतेय सप्टेंबरात, तेवढा एक महिना
कुणाकडून तरी ओढून आणायचा.
आणि पाडव्याला एक ग्रॅम. भाव विचारला,
मग सोनाराकडचं पाणी पिऊन परत आले.

तो म्हणाला, "ही गुंतवणूक नाही काकू, हा खर्च."
मी म्हटलं, "गुडघा खर्चात धरतोस?"

मग त्याने टॅब काढला.
"तुमची रिस्क अ‍ॅपेटाइट किती? म्हणजे…" शब्द शोधत राहिला,
"जोखमीची भूक. कमी, मध्यम की जास्त?"

भूक. हा मला विचारतोय.
एकवीस वर्षं नव्या पेठेत लोकांच्या भुकेचाच अंदाज बांधतेय.
पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री पोरं जेवत नाहीत,
दीड किलो कणीक कमी भिजवायची.
निकालाच्या दिवशी एखादा पेढे घेऊन येतो, पाच पोळ्या हाणतो.
बाकीचे भात चिवडतात.
या अंगदने चार वर्षं भात चिवडला.
चौथ्यांदा दीड गुणाने.
मग एका सकाळी गादी गुंडाळून केजला गेला.
दोन महिन्यांचं बिल, सहा हजार दोनशे, वहीत राहिलं.

वही फ्रीजवर आहे. हिरव्या पुठ्ठ्याची.
त्याला ती दिसतेय.
त्याला दिसतेय हे मलाही दिसतंय.

"समजा बाजार वीस टक्के पडला, तर काय कराल?
अ, सगळं काढून घ्याल.
ब, वाट पाहाल.
क, आणखी घालाल."

वीस टक्के!
त्या कोरोनाच्या मार्चमध्ये पोरं रातोरात गावाला पळाली.
एकशे दहा डबे होते, तिसऱ्या दिवशी चौदा.
ताटं उपडी घातली ती सव्वा वर्ष उपडीच.
तेव्हा मी काय केलं, तो पर्याय याच्या यादीत नाही.
लोणची घातली.

"क लिही," म्हटलं.
टॅबने जरा विचार केला. अंगद हसला,
"काकू, तुम्ही आक्रमक गुंतवणूकदार निघालात."
हेमाचे बाबा असते तर म्हणाले असते,
हे मला लग्नाआधी कळायला हवं होतं.

व्याजावर व्याज कसं चढतं ते त्याने बोटांनी हवेत काढून दाखवलं.
मी म्हटलं, "विरजण. रोज चमचाभर राखायचं.
पुढचं सांग."
पाच हजार म्हणत होता, तीनवर आणलं.
मंडईची सवय, जुडी हातात घेतल्यावर भाव करायचाच.
वारस? हेमा. नातं? मुलगी.
सही? इथे बोटाने.
बोटाला हळद होती. काचेवर पिवळी सही उमटली,
त्याने ती रुमालाने हळूच पुसली.

"जेवलास?"
"हो काकू."
चार पोळ्या खाल्ल्या, मटकी दोनदा घेतली.
भाताचं एक शीत राहिलं नाही.
उठताना पाकीट काढलं, खाली बघत म्हणाला,
"ते मागचं…"
"आजचे नव्वद," मी म्हटलं.
त्याने शंभराची नोट दिली. मी दहा परत केले.

तो गेल्यावर वही काढली.
अंगद जाधवर, केज. सहा हजार दोनशे.
काट मारली नव्हती, आजही नाही मारली.
खाली लिहिलं, दरमहा तीन हजार, पाच तारीख.

घड्याळात साडेचार.
मशीन येईतो कणीक हातानेच.